लव्हबर्डचा 'ब्रीडिंग सेट': पिंजरा चांगला, पेटी अपुरी, जोडी मात्र चुकीची

पक्ष्यांच्या दुकानात 'ब्रीडिंग सेट' म्हणून जे विकतात, त्याबद्दल लिहिते आहे. पिंजरा, घरट्याची पेटी, दाण्याची पिशवी, समुद्रफेस (पक्ष्यांना कॅल्शियमसाठी देतात ते कटलफिशचं हाड) आणि पक्ष्यांची जोडी, असं सगळं एकदम मिळतं. माझ्या बहिणीच्या मुलानं दिवाळीनंतर पेठेतल्या एका दुकानातून असा लव्हबर्डचा सेट ५,२०० रुपयांना आणला. दुकानात त्याला सांगितलं होतं, "पेटी टांगा, दोन महिन्यांत पैसे वसूल." घरी आल्यावर त्याचा मला फोन आला, "मावशी, एकदा येऊन बघ ना, सगळं बरोबर आहे का." मी पुण्यात वारज्याला राहते, पतसंस्थेत नोकरी करते आणि बरीच वर्षं कॉकटील आणि लव्हबर्ड हे छोटे परदेशी पोपट पाळते. माझ्याकडे पिल्लं होतात, ती ओळखीतच देते. त्या सेटमधली एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली. हा सेट घ्यायचा विचार करणाऱ्यांना, आणि घरी पोपटांची पैदास करावी असं मनात असणाऱ्यांना, त्याचा उपयोग व्हावा.

आधी पिंजरा, कारण त्यात तक्रारीला फारशी जागा नाही. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, घडी होणारा. गजांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे लव्हबर्डचं डोकं अडकत नाही. खाली सरकणारा ट्रे आणि त्यावर जाळी आहे, त्यामुळे विष्ठा पक्ष्यांच्या पायाखाली येत नाही. बाजूला पेटी बाहेरून अडकवायची खिडकी आहे. ही सोय महत्त्वाची, कारण पेटी आत टांगली की अर्धा पिंजरा तीच खाते आणि पेटीत बघायला आपला हात पिंजऱ्यात घालावा लागतो. अंड्यावर बसलेली मादी अशा हाताला चावते किंवा घाबरून अंडी तुडवते.

जाळी मात्र गॅल्व्हनाइज्ड आहे आणि जोडांपाशी पांढरी पावडर दिसत होती. तो जस्ताचा थर. लव्हबर्ड दिवसभर जाळी कुरतडतात, तो थर पोटात गेला तर जस्ताची विषबाधा होते. नवा पिंजरा व्हिनेगर आणि ताठ ब्रशनं घासायचा, भरपूर पाण्यानं धुवायचा, कडक उन्हात वाळवायचा आणि मगच पक्षी आत सोडायचे. दुकानात हे कुणी सांगितलं नव्हतं. वर सरकणारी दारं लव्हबर्ड चोचीनं सहज उचलतात, तेव्हा प्रत्येक दाराला कपड्याचा चिमटा किंवा छोटी कडी हवी.

बसायच्या दांड्या प्लॅस्टिकच्या, गुळगुळीत, दोन्ही एकाच जाडीच्या. ह्या मी लगेच काढायला लावल्या. नुसत्या पायांच्या आरोग्याचा प्रश्न नाही. दांडी हलत असेल किंवा निसरडी असेल तर जोडा नीट लागत नाही आणि अंडी रिकामी, म्हणजे न फळलेली, निघतात. लोक नराला दोष देतात, औषधं आणतात आणि दांडी तशीच डुगडुगत राहते. पेरूची किंवा कडुलिंबाची फांदी आणा, फवारणी न झालेली. धुऊन उन्हात वाळवा आणि दोन्ही टोकांना घट्ट बसवा. एक बोटाएवढी जाड, एक थोडी बारीक.

आता पेटी. सेटमधली पेटी पातळ प्लायची, आतून सहा इंच बाय सहा इंच, उंची सात. बजरीगर ह्या छोट्या पोपटाच्या जोडीला चालली असती. लव्हबर्डच्या घरट्यात चार ते सहा अंडी असतात, आणि सगळी जगली तर महिन्याभरात तिथे पाच-सहा अंगानं भरलेली पिल्लं आणि वर आई. एवढ्याशा जागेत ती एकमेकांवर चढतात आणि खालची दबतात. वरचं झाकण खिळ्यानं पक्कं केलेलं, म्हणजे आत डोकावायची सोयच नाही. हवेला भोकं नाहीत. तळ सपाट आणि गुळगुळीत. पिल्लांचे पाय फाकण्याचं हे मोठं कारण आहे. पायाला पकड मिळत नाही, आईचं वजन वरून येतं आणि पाय बाजूला सरकत जाऊन तसेच राहतात. लवकर लक्षात आलं तर मऊ पट्टीनं दोन्ही पाय जवळ बांधून सुधारता येतात, पण त्यासाठी पेटी उघडून बघता आली पाहिजे.

भाच्याला मी टिंबर मार्केटमधून पाइनची फळी आणायला सांगितली आणि ओळखीच्या सुतारानं नवी पेटी करून दिली. तळ आठ बाय आठ, उंची दहा इंच, तोंड दोन इंचांपेक्षा थोडं मोठं. वरचं झाकण बिजागरीवर, दोन्ही बाजूंना वरच्या अंगाला चार-चार छोटी भोकं, तोंडाच्या आतल्या बाजूला चढायला खाचा. तळाशी दोन इंच लाकडाचा भुसा, पण देवदारासारख्या उग्र वासाच्या लाकडाचा नको आणि पॉलिश केलेल्या फर्निचरचा तर अजिबात नको. पेटीला सुतारानं घेतलेले पैसे सेटमधल्या पेटीच्या दुपटीनं झाले असतील. तरी ते खर्च करण्यासारखेच आहेत.

घरटं बांधायचं सामान सेटमध्ये काहीच नव्हतं. बजरीगर आणि कॉकटील भुशावर भागवतात, लव्हबर्डचं तसं नसतं. पीचफेस जातीची मादी पान किंवा कागद लांब पट्ट्यांमध्ये कातरते, पट्ट्या पाठीमागच्या पिसांत खोचते आणि उडत पेटीत नेते. हे पहिल्यांदा पाहिलं की माणूस काम विसरून उभा राहतो. नारळाची ओली झावळी धुऊन दिली की ती दिवसभर त्यातच गुंतलेली असते. ह्या ओल्या पट्ट्यांमुळे पेटीत दमटपणा राहतो, आणि पुण्यात त्याची फार गरज असते. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडची दुपार इतकी कोरडी असते की अंड्याच्या आतलं पातळ आवरण चामड्यासारखं होतं आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू आतच मरतं. त्या महिन्यांत मी पिंजऱ्यात रोज सकाळी आंघोळीचं पसरट भांडं ठेवते. मादी ओल्या पोटानं अंड्यांवर जाऊन बसते आणि तेवढं पुरतं. अंड्यांवर आपण पाणी शिंपडू नये. खरं तर एप्रिल-मे महिन्यांत मी पेटीच काढून ठेवते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा गॅलरीला रात्री जाड पडदा हवा. माझ्या अनुभवात पुण्यात पाऊस ओसरल्यापासून थंडीच्या सुरुवातीपर्यंतचा काळ सगळ्यात सोपा जातो, फक्त दिवाळीच्या फटाक्यांचे चार दिवस जपावं लागतं. कॉकटील तर रात्री दचकून अंधारात पिंजराभर आपटत सुटतात, त्यांच्यापाशी मंद दिवा ठेवावा.

दाण्याच्या पिशवीवर 'ब्रीडिंग मिक्स' असं लिहिलं होतं. आत तीन चतुर्थांश बाजरी, बाकी सूर्यफूल आणि थोडं राळं. बाजरी वाईट नाही, पण तेवढ्यावर अंडी घालणाऱ्या मादीचं भागत नाही आणि सूर्यफुलानं नुसती चरबी चढते. मार्केट यार्डातल्या भुसार बाजारात बाजरी, राळं, करडई सुटी घेऊन स्वतः मिसळा, स्वस्त पडतं आणि दाणा ताजा असतो. मूठभर दाणा रात्री भिजत घाला. मोड आला तर दाणा जिवंत. न आला तर तो जुना, परत करा. रोज मोडाची मूग-मटकी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, मक्याचं कणीस. पिल्लं असताना उकडलेलं अंडं कुस्करून, पण दोन-तीन तासांत उरलेलं काढायचं, आपल्या हवेत ते लगेच आंबतं. अ‍ॅव्होकाडो कधीही नाही, पक्ष्यांना तो विषारी असतो.

समुद्रफेस मात्र सेटमध्ये चांगला मोठा दिला होता, ह्याबद्दल दुकानदाराचं कौतुक. अंड्याच्या कवचाला लागणारं कॅल्शियम मादी स्वतःच्या अंगातून देते. अंगात ते कमी पडलं की अंडं अडकतं. अशी मादी पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसते, शेपटी वरखाली होते, जोर करताना दिसते. तिला ऊब द्यायची आणि काही तासांच्या आत डॉक्टरकडे न्यायचं, रात्र जाऊ द्यायची नाही. समुद्रफेस असूनही हे होतं, कारण कॅल्शियम अंगी लागायला ड३ जीवनसत्त्व लागतं आणि त्यासाठी थेट ऊन लागतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्या कामाचं नाही. सकाळचं कोवळं ऊन गॅलरीत पिंजऱ्याच्या अर्ध्या भागावर पडेल आणि अर्ध्यात सावली राहील अशी जागा हवी. घरात अशी जागा नसेल तर पैदास करू नका असं मी स्पष्टच सांगते.

आणि डॉक्टर आधी शोधा. पुण्यात जनावरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, पण त्यातले बहुतेक कुत्र्या-मांजरांचे. फोन करून सरळ विचारा की तुम्ही पक्षी तपासता का, अंडं अडकलेली मादी आणली तर हाताळाल का. होकार मिळाला की तो नंबर पिंजऱ्यावर चिकटवा.

इथपर्यंत सगळं सुधारण्यासारखं होतं. जोडी पाहिली तेव्हा मात्र वाईट वाटलं.

एक पक्षी पीचफेस होता: फिकट, शिंगासारख्या रंगाची चोच, डोळ्याभोवती पांढरं कडं नाही. दुसरा फिशर: लालभडक चोच आणि डोळ्याभोवती चष्म्यासारखं ठळक पांढरं कडं. दोघंही लव्हबर्डच, पण जाती वेगळ्या. पहिली नैर्ऋत्य आफ्रिकेतली, दुसरी मूळची टांझानियाकडची. त्यांचा एकमेकांशी जोडा लागतो, अंडीही फळतात, पण होणारी पिल्लं वांझ असतात. घरट्याचं सामान न्यायची पद्धतसुद्धा दोघांची वेगळी. फिशर चोचीत धरून नेतो, पीचफेस पिसांत खोचते, आणि मिश्र पिल्लं मोठी झाली की पिसांत खोचायला जातात, ते खाली पडतं, पुन्हा खोचतात. वांझ पिल्लू कुणी पाळायला घेतलं तर त्याचं आयुष्य सुखात जाईल. पण दुकानातून ते पुढे पुन्हा 'ब्रीडिंग जोडी' म्हणूनच विकलं जातं. माहीत असून असा सेट विकणं ही फसवणूक आहे, आणि माहीत नसेल तर पक्षी विकण्याचा धंदाच करू नये.

ह्यात कायद्याचाही मोठा फरक आहे आणि तो घरी पैदास करू पाहणाऱ्यानं पहिल्याच दिवशी समजून घ्यावा. वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइट्स (CITES) करारात जवळजवळ सगळे पोपट येतात. बजरीगर, कॉकटील आणि पीचफेस लव्हबर्ड हे तीन त्यातून वगळलेले आहेत. फिशर वगळलेला नाही. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्सच्या यादीतले प्राणी चौथ्या अनुसूचीत आले. त्यानंतर २८ फेब्रुवारी २०२४ रोजी नोंदणीचे नियम निघाले. म्हणजे फिशर, सन कन्युअर, ग्रीन चीक कन्युअर, क्वेकर असा परदेशी पोपट घरी असेल तर केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आणि पिल्लू झालं, मेलं, कुणाला दिलं तर तेही कळवावं लागतं. आफ्रिकन ग्रे पोपट २०१७ पासून साइट्सच्या पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात आहे, त्याची पैदास करायला वेगळा परवाना लागतो. भाच्याच्या पिंजऱ्यात एका पक्ष्याला नोंदणी नको होती आणि दुसऱ्याला हवी होती. दुकानात ह्याचा उच्चारही झाला नव्हता.

पीचफेस, कॉकटील, बजरीगर ह्यांच्यासोबत साइट्समधून वगळलेला चौथा पोपट म्हणजे आपला हिरवा, गळ्यात कंठ असलेला राघू. त्यामुळे काही जण सांगतात की राघू पाळायला हरकत नाही. साफ चूक आहे. तो आपल्याच कायद्यानं संरक्षित आहे, पहाडी पोपटही तसाच. पकडणं, विकणं, विकत घेणं, पाळणं, सगळा गुन्हा. ढोलीतून काढलेली पिल्लं कुणी पिशवीतून विकायला आणली तर दया येऊन विकत घेऊ नका. तुमच्या पैशांनी तो पुढच्या ढोलीत हात घालतो. वन विभागाच्या १९२६ ह्या क्रमांकावर कळवा. जखमी पिल्लू सापडलं तरी तिथेच कळवा. निळ्या-पिवळ्या 'रिंगनेक'ची, म्हणजे राघूच्याच रंगीत प्रकारांची, जाहिरात दिसते, पण रंग बदलला म्हणून जात बदलत नाही, मी त्या वाटेला जात नाही आणि कुणाला जा म्हणत नाही.

पुन्हा जोडीकडे. दोघांपैकी नर कोणता, मादी कोणती, हे दुकानदारानं कमरेची हाडं चाचपून सांगितलं होतं. लव्हबर्डमध्ये नर-मादी दिसायला सारखेच, हाडावरून सांगणं म्हणजे अंदाज. पिसावरून डीएनए तपासणी होते, तीच करावी. घरट्यात आठ-दहा अंडी दिसली आणि एकही फळलं नाही, तर बहुतेक वेळा दोन्ही माद्याच असतात. बजरीगरचं सोपं: चोचीवरचा मांसल भाग नराचा निळा, मादीचा तपकिरी किंवा पांढुरका, फक्त पिवळ्या-पांढऱ्या लाल डोळ्यांच्या रंगात ही खूण चालत नाही. राखाडी कॉकटीलमध्ये पहिली पिसं झडली की नराचा चेहरा लख्ख पिवळा होतो, मादीच्या शेपटीखाली आडव्या रेघा राहतात.

वयाची चौकशी करा. लव्हबर्ड आणि बजरीगर वर्षाचे, कॉकटील दीड वर्षाचे झाल्याशिवाय पेटी देऊ नये. त्याआधी ते अंडी घालतात, पण आईबाप म्हणून कच्चे असतात आणि मादीचा जीव धोक्यात येतो. एकाच पिंजऱ्यातून काढलेली जोडी अनेकदा एकाच घरट्यातली भावंडं असते. नर एका ठिकाणचा, मादी दुसऱ्या ठिकाणची असावी, आणि शक्यतो पायात बंद, म्हणजे बिनजोडाची, कडी असलेले पक्षी घ्यावेत. कडी पिल्लू आठ-दहा दिवसांचं असतानाच चढते, मोठ्या पक्ष्याला चढत नाही, म्हणून तिच्यावरचं जन्मसाल खोटं असण्याची शक्यता कमी. नवा पक्षी आणला की महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवा. पिसं आणि चोच सडवणारा विषाणूजन्य रोग असा एका नव्या पक्ष्यावरून सगळ्या घरात शिरतो आणि त्यावर औषध नाही.

आता "दोन महिन्यांत पैसे वसूल" ह्या वाक्याचा हिशेब. लव्हबर्ड एक दिवसाआड अंडं घालतो. उबवायला साधारण तेवीस दिवस. पिल्लू पेटीबाहेर यायला सहा आठवडे, स्वतः पोटभर खायला लागायला आणखी दोन. पहिल्या अंड्यापासून पिल्लू द्यायच्या अवस्थेला यायला जवळजवळ तीन महिने लागतात. त्याआधी वय पूर्ण होण्याची वाट, वेगळं ठेवण्याचा काळ आणि जोडीला घर ओळखीचं होण्याचा काळ. नव्या जोडीची पहिली अंडी बऱ्याचदा रिकामी जातात. आठवड्यानंतर अंधारात टॉर्चवर धरलं की फळलेल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं. रिकामी अंडी लगेच फेकू नका. मादीला तिचे दिवस बसू द्या, नाहीतर ती दुसऱ्या आठवड्यात पुन्हा घालायला लागते आणि झिजते. वर्षातून दोनदा, त्याहून जास्त नाही. मग पेटी काढायची, पट्ट्यांचं सामान बंद, संध्याकाळी दिवा लवकर मालवायचा. पेटी कायम टांगलेली ठेवणाऱ्यांच्या घरच्या माद्या तीन-चार वर्षांत संपतात. हे मी जवळून पाहिलं आहे आणि ते बघवत नाही.

आणि पैसे कसले? दुकानदार पिल्लू घेतो तेव्हा विकायच्या भावाच्या निम्म्याच्या आसपास देतो, मला तरी त्याहून जास्त मिळाले नव्हते. दाणा, पेटी, डीएनए तपासणी, डॉक्टर हे धरलं तर घरच्या दोन-तीन जोड्यांवर उरत काही नाही. हौस आहे, जीव लावायची तयारी आहे, तर करा. जोडधंदा म्हणून सेट घेणार असाल तर घेऊ नका.

सेटच्या पुठ्ठ्यावर हातानं भरवलेल्या पिल्लाचं चित्र आहे. त्या चित्रानं खूप जण फसतात. हातानं भरवायचं म्हणजे लहान पिल्लाला दर दोन तासांनी, मोठं होईल तसं चार-पाच तासांनी. भरवायचं पीठ चाळीस अंशांच्या आसपास, थर्मामीटर लावून. त्याहून बरंच गरम झालं तर गळ्याखालची पिशवी, जिला सगळे क्रॉप म्हणतात, ती आतून भाजते. गार झालं तर तिथेच साचून आंबतं. सिरिंज घाईनं दाबली तर पीठ श्वासनलिकेत जातं आणि पिल्लू डोळ्यांदेखत जातं. नोकरी करणाऱ्या एकट्या माणसानं हे करू नये. आईबाप उत्तम भरवतात. पिसं फुटायला लागल्यावर रोज पंधरा मिनिटं पिल्लू हातात घेतलं तरी ते माणसाळतं. भाचा दिवसभर कॉलेजात, बहीण नोकरीला. ह्या घरात हातानं भरवायचा विषयच नको, हे मी पहिल्यांदा सांगितलं.

घरातल्या माणसांचाही विचार करा. माझ्या जावेला दमा आहे. ती राहायला येते तेव्हा कॉकटील मी बंद खोलीत ठेवते, कारण त्यांच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत उडते. लव्हबर्डची कमी उडते, पण उडतेच. ट्रे साफ करताना आधी पाणी शिंपडा, तोंडाला मास्क लावा. पक्ष्यांकडून माणसाला सिटाकोसिस हा फुफ्फुसांचा संसर्ग होऊ शकतो, तेव्हा ताप-खोकला लांबला तर घरी पक्षी आहेत हे डॉक्टरांना सांगा. स्वयंपाकघराजवळ पिंजरा ठेवू नका. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं तर त्याच्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरतात. आणि शेजाऱ्यांशी आधी बोला. पहाटे लव्हबर्ड चिरक्या आवाजात सुरू होतात, पिल्लं झाली की दुप्पट. सन कन्युअर फ्लॅटमध्ये ठेवूच नये, त्याचा आवाज खालच्या मजल्यांपर्यंत जातो.

मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते हे. पेटी टांगायच्या आधी कागदावर पिल्लांच्या घरांची नावं लिहा. पाच पिल्लं झाली तर पाच ठिकाणं, फोन करून विचारलेली, "बघू" म्हणणारी नव्हेत. लव्हबर्ड दहा-पंधरा वर्षं जगतो, कॉकटील त्याहूनही जास्त. नावं भरली नाहीत तर पेटी टांगू नका. वाढलेली पिल्लं कुणी घेत नाही म्हणून खिडकीतून सोडून देणारे लोक आहेत. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला दाणा शोधता येत नाही, कावळ्यापासून लपता येत नाही. तो बहुधा फार दिवस टिकत नाही.

भाचा ते दोन पक्षी घेऊन दुकानात गेला होता. दुकानदारानं एक पक्षी बदलून द्यायची तयारी दाखवली, वाद घातला नाही, हे नोंदवते. पण तोवर दोघं एकमेकांना चिकटून बसायला लागले होते, एकमेकांची मान खाजवत होते. भाच्यानं दोघांनाही ठेवून घेतलं, पेटी न लावता. फिशरची नोंदणी करायला बसला तेव्हा कळलं की पावतीवर नुसतं 'बर्ड सेट' लिहिलं आहे. पुन्हा जाऊन जातीचं नाव, तारीख आणि दुकानाचा शिक्का असलेली पावती करून आणावी लागली. पीचफेसची दुसरी जोडी तो पुढच्या पावसाळ्यानंतर घेणार आहे. सुतारानं केलेली पेटी तोवर कपाटात आहे.

सेट म्हणून मी पाचपैकी दोन देईन, आणि ते दोन्ही पिंजऱ्याचे. पिंजरा सुटा मागितला तर मिळतो, १,८०० रुपये सांगितले. पक्षी शक्यतो घरी पैदास करणाऱ्याकडून घ्या, जिथे आईबाप दाखवतात. दुकानातून घेणार असाल तर २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे दुकानाची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि ते प्रमाणपत्र दुकानात लावलेलं असावं लागतं. ते दाखवा म्हणावं. आणि पावतीवर जात लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.